आतून वाटणं आणि गुन्हेगार सापडणं

निकाल लागले की माझ्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. तीस वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त झाले, पण 'मॅडम, मुलीनं पुढं काय करावं?' हा प्रश्न काही निवृत्त झालेला नाही. अशाच एका दुपारी मायलेकी आल्या. मुलगी नुकतीच मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, चुणचुणीत. खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "मॅडम, मला क्रिमिनल प्रोफायलर व्हायचंय. मी आयएनएफजे आहे ना!"

आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मुलीच्या तपासणीत एखादा आजारच निघाला असावा.

श्रोतेहो, हे आयएनएफजे काय प्रकरण आहे ते आधी सांगते. स्वित्झर्लंडचे मनोविश्लेषक कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मनोवृत्तींचे प्रकार सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याच्या आधारानं अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी एक प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. प्रश्नांची उत्तरं दिली, की माणूस सोळांपैकी एका खान्यात जाऊन बसतो. अंतर्मुख, आतून सुचतं त्यावर भिस्त ठेवणारा, दुसऱ्याच्या भावनेला जपणारा आणि निर्णय घेऊन मोकळा होणारा, हा झाला आयएनएफजेचा खाना. तो दुर्मिळ म्हणून सांगितला जातो. त्यामुळे तो मिळाला, की पत्रिकेत गजकेसरी योग निघाल्यासारखा आनंद होतो.

या चाचणीची एक अडचण अशी, की तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा चाचणीला बसला तर पुष्कळदा शेजारच्या खान्यात जातो. बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्येच कुठंतरी असतात, आणि खाने मात्र दोनच. नोकरीसाठी माणूस निवडायला ही चाचणी वापरू नका, असं ती छापणारी मंडळीही सांगतात. तेव्हा चार अक्षरं बाजूला ठेवू. मुलीच्या म्हणण्यातला खरा प्रश्न वेगळा होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटला. ज्याला दुसऱ्याचं मन चटकन कळतं, समोरच्याचं दुःख ज्याच्या अंगावर येतं, असा माणूस गुन्हेगाराचं मन वाचण्याच्या कामाला योग्य आहे का?

प्रोफायलिंग म्हणजे गुन्ह्याच्या जागेवरून आणि गुन्हा करण्याच्या तऱ्हेवरून अनोळखी गुन्हेगाराचं वय, स्वभाव, राहणी, कामधंदा यांचा अंदाज बांधणं. आपल्या भाषेत शितावरून भाताची परीक्षा. अमेरिकेच्या एफबीआयनं १९७२ साली व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथं त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला, आणि पुढं कादंबऱ्या, चित्रपट, मालिका यांनी त्याला घराघरांत नेलं. त्यातला नायक प्रेताशेजारी डोळे मिटून उभा राहतो, क्षणभर स्वतःच खुनी होतो आणि डोळे उघडून सांगतो : चाळिशीचा आहे, आईबरोबर राहतो, डावखुरा आहे. मग पोलीस जाऊन त्याला धरतात.

या दंतकथेचं मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. १९४० पासून तिथं कुणीतरी बॉम्ब ठेवत होतं. युद्धाच्या काळात थांबलं, नंतर पुन्हा सुरू झालं. चित्रपटगृहं, रेल्वे स्थानकं, टेलिफोनची खोकी. सुदैवानं कुणी दगावलं नाही, पण अनेक जखमी झाले. रोख होता कॉन्सॉलिडेटेड एडिसन या वीज कंपनीवर. १९५६ साली पोलिसांनी डॉ. जेम्स ब्रसेल या मानसोपचारतज्ज्ञाला गाठलं. त्यांनी पत्रं पाहिली, फोटो पाहिले आणि वर्णन सांगितलं : मध्यमवयीन, अविवाहित, पूर्व युरोपीय वंशाचा, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईबरोबर राहणारा. आणि पकडाल तेव्हा अंगात डबल ब्रेस्टेड कोट असेल, बटणं लावलेला! जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की सापडला. दोन अविवाहित बहिणींबरोबर राहत होता. पोलीस गेले तेव्हा रात्रीच्या कपड्यांत होता. कपडे बदलून आला तो डबल ब्रेस्टेड कोट घालून, बटणं लावून.

मीही ही गोष्ट वर्गात कितीतरी वर्षं रंगवून सांगितली. मुलं टाळ्या वाजवायची. पण मेटेस्की सापडला कसा, हे मी सांगत नसे, कारण मलाच ते उशिरा कळलं. त्याला शोधलं ॲलिस केली या वीज कंपनीतल्या कारकून बाईंनी. नुकसानभरपाईच्या जुन्या तक्रारींच्या फायली त्या एकेक करून उपसत बसल्या होत्या. त्यात १९३१ साली कामावर इजा झालेल्या एका कामगाराची फाइल निघाली. त्याच्या पत्रांतले शब्द आणि बॉम्बवाल्यानं वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रांतले शब्द सारखे होते. पत्ता फायलीतच होता. काखेत कळसा म्हणतात तो असा! ब्रसेल यांनी स्वतःची हकीकत पुस्तकात लिहिली ती १९६८ साली. १९५६ च्या डिसेंबरात त्यांचा जो अंदाज वर्तमानपत्रात छापून आला होता, त्याच्याशी पुस्तकातला अंदाज पुरता जुळत नाही, हे पुढं अभ्यासकांनी दाखवून दिलं. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. आठवणीतला नेम आपोआप बरोबर लागतो, एवढंच.

मग प्रोफायलिंगचा काही उपयोग होतो की नाही? ब्रिटनमध्ये गॅरी कॉप्सन या पोलीस अधिकाऱ्यानं १९९५ साली १८४ प्रकरणांतल्या तपास अधिकाऱ्यांना हेच विचारलं. शेकडा ऐंशीहून अधिक म्हणाले, उपयोग झाला. पण प्रोफाइलमुळे गुन्हेगाराची ओळख पटली, असं सांगणारे शेकडा तीनसुद्धा भरले नाहीत. हे कोडं पुढं लॉरेन्स ॲलिसन आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या प्रयोगानं थोडं सुटलं. त्यांनी एका खऱ्या प्रकरणातलं प्रोफाइल पोलिसांना वाचायला दिलं. निम्म्यांना खऱ्या गुन्हेगाराची माहिती दिली, निम्म्यांना एका वेगळ्याच, कल्पित माणसाची. दोन्ही गटांतल्या बहुतेकांना प्रोफाइल आपापल्या माणसाला लागू पडलं. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य आपल्याला लागू पडतं, त्यातलाच हा प्रकार. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं खास विश्लेषण' म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले!

ऑस्ट्रेलियात रिचर्ड कोक्सिस यांनी तर एका सोडवलेल्या खुनाची कागदपत्रं निरनिराळ्या लोकांना देऊन गुन्हेगाराविषयी प्रश्न विचारले. अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्यांनाही बसवलं. त्यांची कामगिरी यथातथाच निघाली. आणि नंतरच्या एका प्रयोगात मुरलेल्या गुप्तहेर पोलिसांपेक्षा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चांगली उत्तरं दिली. असल्या एक-दोन प्रयोगांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'आतून कळतं' म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं, एवढं मात्र त्यातून निघतं.

आता आतून कळणं म्हणजे सगळंच थोतांड का? मुळीच नाही. आमच्या मंडईतला कलिंगडवाला फळावर टिचकी मारून सांगतो, हे घ्या. घरी कापलं की लाल निघतं. त्याला कारण विचारा, सांगता येणार नाही. पण तो दिवसाला शेकडो टिचक्या मारतो आणि त्यातली कितीतरी फळं त्याच्यासमोरच कापली जातात. चुकला, तर गिऱ्हाईक तिथंच बोंबलतं. डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ अंतःप्रेरणेच्या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध पक्षातले. एकानं माणसाच्या चुका अभ्यासल्या, दुसऱ्यानं अग्निशमन दलातल्या अनुभवी लोकांचं कौशल्य. पण २००९ साली दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखात त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. ज्या कामात काही नियमितपणा असतो आणि आपण चुकलो की बरोबर हे लवकर कळत राहतं, तिथंच अंतःप्रेरणा भरवशाची होते. प्रोफायलरचं कलिंगड कापायला वर्षं लागतात. कधी ते कापलंच जात नाही. आणि मधल्या काळात त्याचा आत्मविश्वास मात्र वाढत जातो.

त्याची किंमत काय असते, ते लंडनमध्ये दिसलं. १५ जुलै १९९२ रोजी विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर रेचेल निकेल या तरुणीचा, तिच्या लहानग्या मुलासमोर भोसकून खून झाला. पोलिसांनी पॉल ब्रिटन या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञाकडून प्रोफाइल करून घेतलं. संशय आला कॉलिन स्टॅग या माणसावर. एकटा राहणारा, बेकार, कुत्रं घेऊन त्याच माळावर फिरणारा. त्याच्याविरुद्ध पुरावा काहीही नव्हता. मग प्रोफाइलच्या आधारावर सापळा रचला गेला. एका पोलीस महिलेनं नाव बदलून त्याच्याशी पत्रमैत्री केली, कित्येक महिने प्रेमाचं नाटक केलं, स्वतःविषयी हिंसक गोष्टी रचून सांगितल्या आणि त्याच्याकडून तसंच काही निघतंय का ते पाहिलं. तिला खूश ठेवण्यासाठी त्यानं तशा कल्पना लिहिल्या. खुनाची कबुली मात्र कधीच दिली नाही. तरी ऑगस्ट १९९३ मध्ये त्याच्यावर आरोप ठेवला गेला. तेरा महिने तो कोठडीत होता. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्ती ऑगनॉल यांनी पोलिसांवर कडक ताशेरे ओढत हा पुरावाच फेटाळून लावला.

पण स्टॅग सुटला तरी 'तोच असणार' हे लोकांच्या मनातून गेलं नाही. वर्तमानपत्रांनी त्याला वर्षानुवर्षं खुनी म्हणूनच वागवलं. खरा खुनी निघाला रॉबर्ट नॅपर. डीएनएच्या सुधारलेल्या तंत्रानं त्याचा माग लागला आणि डिसेंबर २००८ मध्ये त्यानं न्यायालयात गुन्हा मान्य केला. त्याच्या आईनं १९८९ सालीच पोलिसांना फोन करून, मुलानं आपल्याजवळ बलात्काराची कबुली दिल्याचं कळवलं होतं. त्याचा पाठपुरावा झाला नाही. आणि श्रोतेहो, नोव्हेंबर १९९३ मध्ये, म्हणजे स्टॅग कोठडीत असताना, या नॅपरनं आणखी एका तरुण आईचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा जीव घेतला होता. स्टॅगला २००८ साली सात लाख सहा हजार पौंडांची भरपाई मिळाली, पोलिसांनी माफीही मागितली.

हे लंडनच्या पोलिसांचं सांगितलं. आता माझं सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. तिथं एका मुलीच्या पेटीतले परीक्षा फीचे पैसे गेले. मी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. कुणी काही बोलेना. एक मुलगी, दुष्काळी भागातून आलेली, कोपऱ्यात उभी होती. तिच्या हाताची बोटं थरथरत होती. मी पाहिलं, की ती खाली बघे. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. चारचौघांत तिला काही बोलले नाही, याचं तेव्हा मला कौतुकही वाटलं होतं. पण लागोपाठ तीन संध्याकाळी तिला एकटीला खोलीत बोलावून घेतलं. अगदी प्रेमानं विचारलं. "अगं, चूक होते माणसाकडून, सांगून टाक." चौथ्या दिवशी ती गावी निघून गेली. परीक्षेला आली नाही. पुढं दिवाळीच्या सुट्टीत ज्या मुलीचे पैसे गेले होते तिनं पेटी धुवायला काढली, तेव्हा तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली नोटा सापडल्या. चोरी झालीच नव्हती.

त्या मुलीच्या मैत्रिणीकडून मला नंतर कळलं, की घरी तिचा मोठा भाऊ तिला मारायचा. कुणी वरचढ माणसानं आवाज चढवला, की तिचे हात असेच थरथरायचे. तिची भीती मी बरोबर टिपली होती. तिचं कारण मात्र मी माझ्या पदरचं घातलं होतं. मी तिच्या गावी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

म्हणून मी त्या मायलेकींना म्हटलं, हा गुण खोटा नाही, पण तो कुठं वापरायचा हे पाहायला हवं. मानसशास्त्रात समानुभूतीच्या दोन बाजू सांगतात. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं ही एक, आणि त्याचं दुःख आपल्याला लागणं ही दुसरी. गुन्हे तपासाच्या कामात दुसरी बाजू जपून वापरावी लागते, नाहीतर माणूस मोडतो. पहिली बाजू ही सुरुवात असते. तिथून पुढं तपासणी हवी. एफबीआयच्या त्या प्रसिद्ध विभागातलंच उदाहरण घ्या. रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी तुरुंगात जाऊन ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या, हे मालिकेमुळे सर्वांना ठाऊक झालं. पण त्या मुलाखतींना शिस्त लावली ती ॲन बर्जेस यांनी. या परिचर्या शाखेच्या प्राध्यापक. बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांशी बोस्टनच्या रुग्णालयात बोलून, त्यांच्या मनावरच्या आघाताचं वर्णन त्यांनी समाजशास्त्रज्ञ लिंडा होमस्ट्रॉम यांच्याबरोबर १९७४ साली प्रसिद्ध केलं होतं. पीडितांशी बोलायची सवय असलेल्या या बाईंनी एफबीआयच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, की सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, उत्तरं नोंदवा, मग ताडून पाहा. समानुभूती त्यांच्याकडे होतीच, वहीसुद्धा होती.

आपल्या मुंबईतला रामन राघव अनेकांना आठवत असेल. १९६८ साली उपनगरांत रात्री झोपलेल्या गोरगरिबांचे त्यानं खून पाडले. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. तो पकडला गेला, कारण ॲलेक्स फियालो या उपनिरीक्षकानं त्याला रस्त्यात ओळखलं. पूर्वीच्या अटकेतले त्याचे फोटो पोलिसांच्या दप्तरात होते. म्हणजे इथंही फाइलच. मन जाणणाऱ्यांचं काम सुरू झालं ते नंतर. १९६९ साली त्याला फाशी झाली. पुढं उच्च न्यायालयात तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळानं त्याच्याशी अनेक बैठकांत बोलून तो गंभीर मनोरुग्ण असल्याचं सांगितलं. १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये तो पुण्याला ससूनमध्ये वारला.

"म्हणजे मी प्रोफायलर होऊ नको?" मुलगी जरा हिरमुसून म्हणाली.

मी तिला सांगितलं, की आपल्याकडे उपनिरीक्षकाची भरती होते तशी प्रोफायलरची होत नाही. अमेरिकेतसुद्धा एफबीआयमध्ये थेट त्या जागेवर कुणाला घेत नाहीत. आधी कित्येक वर्षं साधा तपास करावा लागतो. पण तुझ्यासारखीला कामं आहेत. न्यायसहायक मानसशास्त्राचं शिक्षण मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांच्या वाटेनं किंवा गांधीनगरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून घेता येतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अत्याचार झालेल्या मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, पोलिसानं गणवेश घालायचा नसतो, आणि खटल्याच्या काळात मुलाबरोबर राहायला सहायक व्यक्ती देता येते. तिथं ज्याला शांत बसून ऐकता येतं असं माणूस लागतं. बाल न्याय मंडळापुढं सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर क्रूर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालावा का हे ठरवताना २०१५ च्या कायद्यानं मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते. तिथं तुझ्या शब्दाला वजन असेल, आणि तिथंच 'मला आतून वाटलं' एवढं म्हणून भागणार नाही.

आई म्हणाली, "मॅडम, एवढं सगळं तिला झेपेल का? ही बातम्या बघतानासुद्धा रडते."

"रडू दे की," मी म्हटलं, "पण दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं पाहिजे. ते शिकावं लागतं, आणि शिकवणारे असतात."

निघताना मी मुलीला शंभर पानी वही दिली. तीन रकाने आखायला सांगितले : कुणाविषयी काय वाटलं, त्याची तारीख, आणि पुढं खरं काय निघालं. महिनाभर कुणाला न सांगता लिही, म्हटलं.

ती महिन्याभरानं नाही, तीन महिन्यांनी आली. तोवर पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेशही घेतला होता. वही जवळजवळ भरली होती. नव्या रूममेटविषयी, बसच्या कंडक्टरविषयी, प्राध्यापकांविषयी, मावशीच्या होणाऱ्या जावयाविषयीसुद्धा. काही अंदाज बरोबर होते, काही साफ चुकलेले. चुकलेल्यांपुढे तिनं प्रामाणिकपणे लाल शाईनं फुली मारली होती. मी पानं चाळत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तिसरा रकाना बघा." अर्ध्याहून अधिक ओळींपुढे तो कोराच होता.